हलवताना मोडलेल्या गोष्टी : भायखळ्याचं संग्रहालय आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



राणीच्या बागेत एकदाही गेला नाही असा मुंबईकर या सभागृहात बहुधा नसेल. पण फाटकातून आत गेल्यावर आपण लहानपणी कुठे धावलो? माकडांकडे, हत्तीकडे, पाणघोड्याकडे. शेजारी जी भारदस्त पिवळट इमारत उभी आहे, तिच्यात शिरलेले किती जण आहेत? हात वर करा बघू. ... ठीक. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आहेत. आणि २००३ च्या आधी शिरलेले? ... हां, आता मोजके राहिले.

ती इमारत म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. आजचा आपला विषय आहे जुन्या संग्रहालयाची इमारत दुरुस्त करणं आणि ते करताना आतला संग्रह सांभाळणं. विषय इंजिनिअरांचा वाटेल, पण मी इतिहासाचा माणूस आहे. मला त्यात इतिहास दिसतो तो असा, की वस्तू शेकडो वर्षं जमिनीत, देवळात, पेटीत टिकतात आणि आपण त्यांना सांभाळायला म्हणून उचलतो तेव्हा मोडतात. वस्तूला सर्वांत मोठा धोका ती हलवताना असतो. हे एक वाक्य आज घरी घेऊन गेलात तरी माझं काम झालं. बाकी सगळं त्याचे दाखले आहेत.

पहिला दाखला या संग्रहालयाच्या जन्मातलाच आहे. १८५५ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिकडे पाठवण्यासाठी मुंबई इलाख्यातून धान्याचे, कापसाचे, लाकडाचे नमुने, कारागिरांच्या वस्तू असं बरंच गोळा करण्यात आलं. तशाच नमुन्यांचा एक संग्रह इथेही असावा, अशी कल्पना पुढे आली. म्हणजे सुरुवातीला डोक्यात कला नव्हती, व्यापार होता. इलाख्यात काय पिकतं, काय बनतं, ते एका जागी बघायला मिळावं एवढाच हेतू. जागा मिळाली ती फोर्टातल्या बराकींमध्ये. १८५७ साली हे संग्रहालय तिथे सुरू झालं.

आता साल लक्षात घ्या. १८५७. उत्तरेत उठाव झाला आणि लष्कराला आपल्या बराकी परत हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने बाहेर काढला गेला. याद्या करायला, बांधाबांध करायला वेळ कुणाला होता? बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. जन्मून वर्ष होतं ना होतं तोच या संग्रहाने आपला पहिला मोठा तोटा सोसला, आणि तो ना चोरीमुळे, ना आगीमुळे, ना वाळवीमुळे. केवळ घाईने जागा बदलल्यामुळे.

पुढे सूत्रं डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे आली. संग्रहालयाला स्वतःची इमारत हवी, हा त्यांचा ध्यास. त्यांच्यासोबत होते जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी. भाऊ दाजी मूळचे गोव्यातले, पेडण्याकडचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. आणि जोडीला शिलालेख वाचणारे, नाणी जमवणारे, अजिंठ्याचे लेख तपासणारे संशोधक. असा माणूस समितीत असणं हे या संग्रहालयाचं भाग्य. शहरातून वर्गणी जमा झाली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

त्यानंतर काय झालं, ते मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, शहर शेअरांच्या नादाला लागलं आणि १८६५ मध्ये फुगा फुटला. भलेभले रस्त्यावर आले. बांधकाम रखडलं. शेवटी सरकारने पदरचे पैसे घातले, आणि २ मे १८७२ रोजी इमारत लोकांसाठी उघडली. पायाभरणीपासून उद्घाटनापर्यंत साडेनऊ वर्षं! म्हणजे आपल्याकडे सरकारी बांधकामं रखडतात ही काही आजची तक्रार नाही.

बाहेरून ही इमारत शांत, नेमस्त आहे. आत गेलात की लोखंडी ओतीव खांब, वर सज्जा, नक्षीदार कठडे, इंग्लंडहून आणलेल्या मिंटनच्या फरशा, रंगवलेलं छत. मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. तो मॅथ्यू नोबल या शिल्पकाराचा, आणि त्यासाठी पैसे दिले डेव्हिड ससून यांनी. त्याच्यावर इंग्रजीबरोबर हिब्रू मजकूरही आहे. भायखळ्यात इंग्रज राजपुत्राच्या पायाशी हिब्रू अक्षरं! मुंबई म्हणजे काय, ते एका दगडात वाचता येतं.

आता दुसरा दाखला. संग्रहालयाच्या बाहेर बागेत एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं, तोच. शतकानुशतकं तो बेटावर धक्क्याजवळ पाऊसपाणी खात उभा होता. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं निखळलं, पुढे धडही ढासळलं. तरी तो आपल्या जागी होता. १८६४ च्या सुमारास कुणाच्या तरी मनात आलं की याला विलायतेला न्यावा. उचलायला क्रेन लावली. क्रेनचा दांडा मोडला, हत्ती खाली आदळला आणि त्याचे आणखी तुकडे झाले. ते तुकडे मग राणीच्या बागेत आणले गेले. आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅडेल आणि ह्युएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

पुढच्या वेळी गेलात तर जवळ जाऊन सांधे बघा. मी विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा आधी हत्ती दाखवतो आणि मगच आत नेतो. दुरुस्तीवरचं पहिलं व्याख्यान तो हत्ती देतो.

आता इमारतीकडे येऊ. इमारत म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं? वरून पाणी येतं आणि खालून ओल चढते. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि उरलेल्या वर्षात समुद्राची खारी, दमट हवा असते. छताचा एखादा सांधा सुटला की पाणी भिंतीत उतरतं. जमिनीतली ओल भिंतीतून वर चढते आणि सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि गिलावा आतून फुगवून पाडतात. लोखंडाचं आणखी वाईट. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. म्हणजे दगडात बसवलेला लोखंडी तुकडा गंजला की तो फुगतो आणि दगडालाच चीर पाडतो.

आणि यात आपण भर काय घातली? सिमेंट. जुन्या भिंती चुन्याच्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, आपण म्हणतो ना, भिंत श्वास घेते. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग मारला की ओल आत कोंडते. वरून भिंत नवीकोरी दिसते, आत सडत राहते. दोनचार वर्षांनी पोपडे आले की पुन्हा सिमेंट. गावोगावच्या देवळांचं आणि वाड्यांचं आपण हेच केलंय.

पण मंडळी, हे भिंतीचं झालं. भिंतीला टेकून जे कपाट उभं आहे त्यात काय आहे? कागद, कापड, लाकूड, हस्तिदंत, मातीच्या छोट्या मूर्ती. ओल वाढली की कागदाला बुरशी येते, लाकूड फुगतं. हवा एकदम कोरडी झाली की तेच लाकूड आकसतं आणि तडकतं. हळूहळू झालेला बदल वस्तू एक वेळ सोसते, अचानक झालेला सोसत नाही. म्हणून गळकी इमारत हा संग्रहाचा शत्रू आहेच, पण त्या इमारतीची दुरुस्ती हाही शत्रू होऊ शकतो. धूळ, हादरे, वेल्डिंगच्या ठिणग्या, उघडं छत, बाहेरची माणसं, आणि 'जरा बाजूला सरकवून ठेवा' असं म्हणणारा कुणीतरी!

एक अनुभव सांगतो. गाव सांगणार नाही, संस्थाही सांगणार नाही. एका लहानशा संग्रहालयात रंगकाम निघालं. नाण्यांचं लाकडी कपाट हलवायचं होतं, पण भरलेलं कपाट उचलेना. तेव्हा मुलांनी काय केलं, नाणी पाकिटांतून काढून एका बादलीत जमा केली. पाकिटं जुनी, पिवळी, फाटकी, ती टाकून दिली. मी पोचलो तेव्हा सगळे खुशीत होते. म्हणाले, सर, मोजून घ्या, एकही नाणं कमी नाही. खरंच एकही कमी नव्हतं. पण कुठलं नाणं कुठल्या गावच्या शेतात, कोणत्या हंड्यात, कशाबरोबर सापडलं ते त्या पाकिटांवर लिहिलेलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं. ते गेलं. आता ती नाणी म्हणजे नुसतं तांबं. मुलांना रागावण्यात काही अर्थ नव्हता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की चिठ्ठी ही नाण्याएवढीच मोलाची आहे. चूक आमची, जाणत्यांची.

म्हणून दुरुस्तीचं पहिलं काम घमेलं-फावडं नाही. पहिलं काम यादी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, प्रत्येकीचं छायाचित्र, आत्ता कुठे चीर आहे, कुठे टवका गेला आहे याची नोंद, आज ती कुठे आहे आणि उद्या कुठे जाणार याची नोंद. कंटाळवाणं काम आहे. त्याचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. पण तेच काम पुढची सगळी कामं वाचवतं.

आता भायखळ्याला परत. १ नोव्हेंबर १९७५ रोजी या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. नाव उजळलं, पण इमारतीची रया जात राहिली. छत गळत होतं, भिंतींना ओल होती, लोखंडाला गंज, मूळ रंगांवर रंगांचे थर. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, 'इंटॅक' ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. 'इंटॅक'कडून तस्नीम मेहता यांनी हा प्रकल्प पुढे नेला आणि वास्तुविशारद होते विकास दिलावरी. सार्वजनिक मालकी, खासगी पैसा आणि जाणकारांची देखरेख, असे तिघे एका कागदावर आले. हे तेव्हा नवीन होतं.

काम कसं झालं? आधी गळती आणि ओल, मग सौंदर्य. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे उलटं होतं, आधी रंग आणि दिवे. इथे वरचे थर काढून खालचा मूळ रंग शोधला गेला. छतावरची नक्षी, खांबांवरचा सोनेरी मुलामा पुन्हा उजेडात आला, तो करायला परंपरेने हे काम जाणणारे कारागीर होते. २००५ मध्ये युनेस्कोने आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांपैकी सर्वोच्च पुरस्कार या कामाला दिला.

आता माझा आवडता मुद्दा. पुरस्कार २००५ चा. दारं कधी उघडली? जानेवारी २००८. इमारतीचं कौतुक जगभर झालं होतं, तरी लगेच फीत कापली नाही. कारण इमारत तयार होणं आणि संग्रहालय तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तूंचं संवर्धन, त्यांची नोंद, कपाटांची डागडुजी, मांडणी, प्रकाशयोजना ही कामं बाकी होती. मातीच्या त्या छोट्या मूर्ती आठवा. पागोटं घातलेले, ओझं वाहणारे, वेगवेगळ्या जातींचे आणि धंद्यांचे मुंबईकर. बोटाएवढ्या मूर्तीचं बोट केवढं असणार? ते साफ करायला घाई करून चालत नाही. प्रकाशाचंही तसंच. कापड आणि जलरंगांवर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड नको, असं संवर्धनशास्त्र सांगतं. उजेडाने उडालेला रंग परत आणता येत नाही. मोठ्या खिडक्यांच्या इमारतीत हे सांभाळणं ही तारेवरची कसरत असते.

हा झाला संयमाचा दाखला. आता घाईचा. कोलकात्याचं इंडियन म्युझियम १८१४ चं, देशातलं सर्वांत जुनं. २०१४ मध्ये त्याला दोनशे वर्षं पूर्ण होणार, म्हणून नूतनीकरण निघालं. समारंभाची तारीख ठरलेली, फेब्रुवारी २०१४. संग्रहालय बंद ठेवून काम चाललं होतं. आणि डिसेंबर २०१३ मध्ये रामपुरव्याचा सिंहशीर्ष हलवताना मोडला. बिहारमधल्या चंपारणातला अशोककालीन स्तंभ, त्याच्या माथ्यावरचा हा सिंह. बावीसशे वर्षांहून अधिक काळ! मौर्य साम्राज्य गेलं, राजवटी आल्या-गेल्या, जमिनीत गाडला गेला, वर आला, कोलकात्याला पोचला, आणि नूतनीकरणात मोडला. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालातही या कामाच्या पद्धतीवर ताशेरे आले. समारंभ मात्र ठरलेल्या तारखेच्या आसपास पार पडला.

मी कोलकात्याला नावं ठेवत नाही. मुंबईत आपण घारापुरीचा हत्ती पाडलेला आहे. दीडशे वर्षांचं अंतर आहे, चूक तीच.

यावर कुणी म्हणेल, मग हलवूच नये. आहे तसं असू द्यावं. तर त्याचंही उत्तर इतिहासाने दिलंय. ब्राझीलचं रिओ दि जानेरोतलं राष्ट्रीय संग्रहालय एका जुन्या राजवाड्यात होतं. सुमारे दोन कोटी वस्तू. वर्षानुवर्षं दुरुस्ती लांबली. २०१८ च्या जूनमध्ये एकदाचा निधीचा करार झाला, त्यात आगीपासून संरक्षणाची तरतूदही होती. पैसे हातात पडण्याआधीच २ सप्टेंबरच्या रात्री आग लागली आणि बहुतांश संग्रह गेला. म्हणजे काम घाईने करणं वाईट, आणि न करणं त्याहून वाईट. काम चालू असतानाचा काळही नाजूकच. ग्लासगोचं कलाविद्यालय २०१४ च्या आगीनंतर दुरुस्त होत आलं होतं, आणि २०१८ मध्ये ते पुन्हा पेटलं.

एक मात्र दिलासा देणारी गोष्ट सांगतो. पॅरिसचं नोत्र दाम. ते संग्रहालय नाही, चर्च आहे, पण धडा तोच. १५ एप्रिल २०१९ ला त्याच्या छताला आग लागली, तेव्हा दुरुस्ती चालू होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी सोळा तांब्याचे पुतळे होते. ते कुठे गेले? ते वाचले. कारण चारच दिवस आधी, ११ एप्रिलला, साफसफाई-डागडुजीसाठी ते क्रेनने खाली उतरवून हलवले होते. नीट योजून, बांधून, नोंद करून हलवलेली वस्तू वाचली. म्हणजे माझ्या सुरुवातीच्या वाक्यात एक शब्द घालायला हवा. धोका हलवण्यात आहे, त्याहून जास्त तो न योजता हलवण्यात आहे.

आपल्या मुंबईतच दुसरा चांगला दाखला आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स. जॉर्ज विटेट यांची ती घुमटाची इमारत. १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली, त्याआधी पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं. शंभरीच्या निमित्ताने तिची दुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये युनेस्कोचा तोच सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला. शताब्दी तिथेही होती, तारीख तिथेही होती. तारीख असणं हा दोष नाही. तारखेसाठी वस्तू पणाला लावणं हा दोष आहे.

शेवटी तुमच्या-माझ्या कामाचं. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत छोटी संग्रहालयं आहेत. संस्थांचे संग्रह आहेत, जुन्या वाचनालयांत पोथ्या आहेत. त्यांच्या इमारती थकल्यात. आज ना उद्या निधी येईल, आणि आला की मार्चअखेरच्या आत खर्च करायची घाई होईल. तेव्हा तुम्ही सभासद म्हणून, नागरिक म्हणून चार प्रश्न विचारा. वस्तूंची यादी छायाचित्रांसह झाली आहे का? काम चालू असताना वस्तू कुठे राहणार, आणि ती जागा कोरडी आहे का? पावसाळ्यात छत उघडं राहणार नाही ना? आणि वेल्डिंग चालेल तेव्हा पाणी घेऊन कोण उभं राहणार? कंत्राटदार वैतागेल, वैतागू द्या.

आणि पाचवी एक गोष्ट, प्रश्न नाही, विनंती. वस्तू उचलणाऱ्या माणसांशी बोला. अभिरक्षक यादी करतो, वास्तुविशारद नकाशा काढतो, पण शेवटी वस्तू उचलतो हमालच. त्याच्या हातात काय आहे, ते त्याला आधी दाखवा, समजावून सांगा, त्याला वेळ द्या. मला खात्री आहे, पाकिटं फेकणाऱ्या त्या मुलांना कुणी पाच मिनिटं बसवून एक पाकीट वाचून दाखवलं असतं, तर त्यांनी ती जपून ठेवली असती. ती त्यांच्याच तालुक्यातल्या गावांची नावं होती.

राणीच्या बागेत जाल तेव्हा माकडांना भेटाच. पण जाता-येता त्या हत्तीपाशी दोन मिनिटं थांबा.

आता प्रश्न असतील तर घेऊ.